उकळण्याची मर्यादा

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागलें म्हणजे मुळा नदीच्या पलीकडे दापोडी लागते. स्वीडनमधील आल्फा लाव्हल कंपनीच्या भारतीय शाखेचें ठाणें येथें आहे. उष्णताविनिमयक, म्हणजे कारखान्यांत ज्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात तें यंत्र, हा या कंपनीच्या प्रमुख मालापैकीं एक. यंत्राचें तत्त्व साधें आहे. एका बाजूनें ऊन द्रव वाहतो, दुसऱ्या बाजूनें थंड. मधल्या धातूच्या पातळ भिंतींतून उष्णता पलीकडे जाते. दूध तापवावयाचें किंवा तेल निववावयाचें असेल तर आंकडेमोड सरळ असते. परंतु प्रोपेनसारखा हायड्रोकार्बन मोठ्या दाबाखालीं उकळवावयाचा असला, तर हीच भिंत रचनाकाराची कसोटी पाहते. सह्याद्रीच्या पलीकडे नागोठण्यास ईथेन व प्रोपेन यांपासून एथिलीन तयार करणारा मोठा कारखाना आहे. अशा धंद्यांत हे वायु द्रवरूप करावे लागतात व पुन्हा त्यांची वाफ करावी लागते. तेथें हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

दाब वाढवीत गेलें म्हणजे द्रव अधिकाधिक उष्णमानाला उकळतो. पण एका मर्यादेला द्रव व वाफ यांची घनता एकच होते, दोहोंमधील पृष्ठभाग नाहींसा होतो आणि उकळणें या शब्दालाच अर्थ उरत नाहीं. फ्रान्समधील कान्यार द ला तूर यांनीं 1822 मध्यें ही गोष्ट प्रथम पाहिली. पुढें 1869 मध्यें बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनीं कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्यानें तिचा नीट उलगडा केला. हाच क्रांतिक बिंदु. पाण्याचा तो 374 अंश सेंटिग्रेडला येतो. प्रोपेनचा अवघ्या 96.7 अंशांना, हवेच्या दाबाच्या सुमारें 42 पटींवर. चुलीवरच्या आधणापेक्षांही कमी उष्णमानाला प्रोपेन ही सीमा गांठतो!

हवेच्या साध्या दाबाला प्रोपेन उणे 42 अंशांवर उकळतो. त्या वेळीं द्रव वाफेच्या सुमारें 240 पट जड असतो. 40 अंशांवर हें प्रमाण पंधरा-सोळा पटींवर येतें, आणि क्रांतिक बिंदूशीं एकास एक. नळ्यांतून पंपावांचून फिरणारा प्रवाह याच फरकाच्या बळावर चालतो. फरक आटला कीं प्रवाह मंदावतो व वाफेबरोबर द्रवाचे थेंबही वाहून जातात. एका किलोग्रॅमची वाफ करण्यास लागणारी उष्णताही 426 किलोज्यूलवरून 40 अंशांना सुमारें 300 वर उतरते आणि शेवटीं शून्य होते.

वरवर पाहतां हें सोयीचें वाटेल. पृष्ठताण कमी झाल्यानें बुडबुडेही सहज सुटतात. गोम येथेंच आहे. भाकरीचा तवा फार तापला असतां त्यावर पाण्याचा शिंतोडा टाकला, तर थेंब लगेच आटत नाहीं. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तरंगत तो नाचत राहतो. विनिमयकाच्या भिंतीवर असेंच वाफेचें अस्तर बसलें, कीं उष्णता द्रवापर्यंत पोंचेनाशी होते. सिचेली व बोनिला यांनीं प्रोपेन, पेंटेन, बेंझीन इत्यादि द्रव दाबाखालीं उकळवून केलेले प्रयोग 1945 मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झाले. अस्तर बसण्यापूर्वीं भिंत जास्तींत जास्त जितकी उष्णता देऊं शकते, तो आंकडा दाबाबरोबर आधीं वाढतो, क्रांतिक दाबाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाला शिखर गांठतो आणि मग शून्याकडे घसरतो, असें त्यांना आढळलें.

यांतून विपरीत प्रकार घडतो. वाफ कमी पडते असें पाहून चालक स्टीमची झडप अधिक उघडतो. भिंत आणखी तापते, अस्तर पक्कें होतें आणि उत्पादन घटतें. उपाय उलटा आहे: स्टीमचा दाब उतरवावयाचा. नव्या यंत्राला हा धोका अधिक, कारण त्यावर मळी नसते व स्टीमचें जवळजवळ सारें उष्णमान द्रवाकडील भिंतीवर येतें. मळी गृहीत धरून केलेला हिशेब पहिल्याच दिवशीं फसतो तो असा.

म्हणून उष्णता देण्यास ऊन पाणी किंवा हलक्या दाबाची स्टीम घेतात, आणि प्रवाह पंपानें फिरवितात. क्रांतिक दाब ओलांडूनच काम केलें तर उकळणें टळतें खरें; पण त्या सीमेलगत विशिष्ट उष्णता एकाएकीं उसळून पुन्हा उतरते. सबंध यंत्रासाठीं एकच सरासरी धरून चालत नाहीं. लांबीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब निराळा करावा लागतो. शिवाय कारखान्यांतील माल बहुधा मिश्र असतो. हलका घटक आधीं उडतो, उरलेल्या द्रवाचें उकळण्याचें उष्णमान चढत जातें, आणि हाताशीं असलेला उष्णमानांतील फरक वाटेंतच कमी होतो. तोही तुकड्यागणिक मांडावा लागतो.