फवारणीचे विष आणि मुलांचे वयात येणे



फवारणी करताना चक्कर आली, ओकारी झाली, डोळे चुरचुरले की विषबाधा झाली हे आपल्याला लगेच कळते. माणसाला गाडीत घालून आपण दवाखाना गाठतो. पण विषाची दुसरी एक चाल आहे. ती हळू असते, तिच्याने अंग दुखत नाही, आणि तिचा परिणाम वाढत्या लेकरांवर होऊ शकतो. विषय लाजेचा म्हणून घरात तो निघत नाही. आज त्याविषयी मोकळेपणाने बोलू.

मुलगा किंवा मुलगी वयात येते ती संप्रेरकांमुळे, म्हणजे हार्मोनमुळे. शरीरातील ग्रंथी ही द्रव्ये अगदी थोड्या प्रमाणात रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी हुकूम देते आणि मुलाचे वृषण त्याप्रमाणे पुरुषत्वाचे संप्रेरक तयार करतात. काही कीटकनाशके या कामात ढवळाढवळ करतात. याचे आपल्या देशातील उदाहरण म्हणजे केरळातील कासरगोड जिल्हा.

तेथे प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळ या सरकारी महामंडळाचे काजूचे मोठे मळे आहेत. काजूच्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीसाठी त्यांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. हे 2000 सालापर्यंत, 20 वर्षांहून अधिक काळ चालले. मळे टेकड्यांवर आणि वस्ती खाली खोऱ्यात. लोक पाणी पीत ते ओढ्याचे, विहिरीचे आणि सुरंगांचे. डोंगराच्या पोटात आडवा बोगदा खणून झिरपते पाणी धरतात, त्याला तिकडे सुरंग म्हणतात. वरून पडलेले विष पावसाबरोबर खालीच येणार!

गावांत आजार वाढल्याची ओरड झाली. कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा या बाईंनी 1998 साली हवाई फवारणीविरुद्ध कोर्टात दाद मागितली. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मळ्याच्या पायथ्याच्या गावातील 10 ते 19 वर्षांची 117 शाळकरी मुले तपासली आणि फवारणी नसलेल्या भागातील 90 मुलांशी तुलना केली. 2003 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फवारणीच्या गावातील मुलांच्या रक्तात एंडोसल्फान सरासरी 5 पटींहून अधिक होते. त्याच वयाच्या इतर मुलांच्या मानाने ती उशिरा वयात येत होती. पियुषिकेचा हुकूम जास्त, पण वृषणाचे संप्रेरक कमी, असे रक्तात दिसले. मोटर जोरात चालावी आणि पाइपातून पाणी मात्र कमी पडावे, तसा हा प्रकार.

मुलांची संख्या थोडी होती, ही या अभ्यासाची मर्यादा शास्त्रज्ञांनी स्वतःच नोंदवली आहे. पण इशारा स्पष्ट होता. सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 2011 रोजी देशभर एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. 10 जानेवारी 2017 रोजी बाधितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा हुकूम केरळ सरकारला दिला.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नका. हेच एंडोसल्फान आपल्याकडे कपाशीवर आणि तुरीवर वर्षानुवर्षे पडले आहे. ते बंद झाले, फवारणी बंद झालेली नाही. प्रत्येक औषध असाच परिणाम करते असे मुळीच नाही. पण कोणते विष मुलांच्या वाढीला बाधेल हे कळायला 20 वर्षे लागत असतील, तर सगळीच विषे लेकरांपासून लांब ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

1. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी औषध कालवू नये, फवारणीच्या रानात जाऊ नये. मुलांना पाणी आणायलाही तेथे बोलावू नये.

2. औषध घरात, खाटेखाली किंवा धान्याजवळ ठेवू नये. कुलपाच्या पेटीत ठेवावे.

3. रिकाम्या डब्यात तेल, रॉकेल, पाणी भरू नये. डबा भोके पाडून निकामी करावा. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये.

4. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. बाळाच्या दुपट्यांत ते मिसळू नयेत. अंघोळ झाल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नये.

5. वारा वस्तीकडे, शाळेकडे असेल तर फवारणी थांबवावी. हौद, रांजण झाकावेत.

6. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते लेबलावर असते. घरच्या भाजीलाही तेच दिवस लागू आहेत.

7. किडीने नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारावे. आधी सापळे, निंबोळी अर्क, मित्रकीटक यांचा उपयोग करावा.

आता आईबापांसाठी. तान्ह्या मुलाचा वृषण 6 महिन्यांपर्यंत खाली उतरला नसेल तर डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर पुढचा त्रास टळतो. मुलीची छाती 8 वर्षांच्या आत भरू लागली, किंवा 13 वर्षांपर्यंत वाढच दिसली नाही, तरी दाखवा. मुलात 9 वर्षांच्या आत बदल दिसले, किंवा 14 वर्षांपर्यंत काहीच दिसले नाहीत, तरीही तसेच. याची कारणे अनेक असतात. काही घराण्यांत उशीरच असतो, कधी पोषण कमी पडते, कधी ग्रंथीचा आजार असतो. विषालाच दोष देऊन बसू नका आणि ‘होईल आपोआप’ म्हणून थांबूही नका. डॉक्टरांना घरची शेती आणि फवारणी यांची माहिती मात्र जरूर सांगा.

पिकाची वाढ खुंटली तर आपण पान तोडून कृषी सहायकाकडे धाव घेतो. लेकराच्या वाढीकडेही तितक्याच तत्परतेने पाहा.