परक्या मंडळीतला उन्हाळा

अमेरिकेतल्या नागरी हक्क लढ्याचं कुठलंही पुस्तक उघडा, १९६० सालच्या एप्रिलपाशी ते थांबतंच. नॉर्थ कॅरोलायनातलं रॅले शहर, तिथलं कृष्णवर्णीयांचं शॉ विद्यापीठ, ईस्टरची सुट्टी. फेब्रुवारीत ग्रीन्सबरोच्या एका दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहात जाऊन बसले होते आणि दोन महिन्यांत ते लोण दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पोचलं होतं. या मुलांना एकत्र आणायला हवं हे ओळखून एला बेकर या मुरलेल्या कार्यकर्तीनं परिषद बोलावली आणि तिच्यातून स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, सगळे जिला ‘स्निक’ म्हणतात, ती संघटना उभी राहिली. स्निकवर आज कपाटभर पुस्तकं आहेत. त्याच परिषदेत आणखी एक कल्पना रुजली होती, स्टुडंट इंटररेशियल मिनिस्ट्री नावाची. तिच्याकडे इतिहासकारांचं लक्ष जायला पन्नासएक वर्षं लागली. डेव्हिड क्लाइन यांनी २०१६ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, तोवर ती तळटीपांतच राहिली होती.

कल्पना मांडली होती पाळक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनी. त्यांतली बरीच न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतली. मॅनहॅटनमध्ये, हार्लेमच्या उंबरठ्यावर असलेली ही १८३६ सालची संस्था. धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांनी तीन दशकं तिथे शिकवलं. पुढे हिटलरविरुद्ध उभा राहून फासावर गेलेला डिट्रिच बॉनहॉफर १९३०-३१ मध्ये तिथे शिकायला होता आणि रविवारी हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मुलांना शिकवायला जायचा. श्रद्धा आणि समाज यांची सांगड घालण्याची चर्चा तिथे रोजचीच होती. पण नुसत्या चर्चेनं या मुलांचं समाधान होईना.

योजना सांगायला अगदी साधी आहे. सेमिनरीतल्या गोऱ्या विद्यार्थ्यानं उन्हाळ्याची सुट्टी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये साहाय्यक पाळक म्हणून काढायची आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानं गोऱ्यांच्या चर्चमध्ये. काम नेहमीचंच. आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करायची, तरुण संघाच्या बैठका घ्यायच्या, सुट्टीतली बायबल शाळा चालवायची, एखाद्या रविवारी उपदेश करायचा. आपल्याकडे अहमदनगरच्या किंवा सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या कुणालाही ही कामं नवी नाहीत. जून ते ऑगस्ट एवढीच मुदत.

या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कामात नाही, ती अधिकाराच्या दिशेत आहे. गोरा मुलगा तिथे मदतीला, सुधारणा करायला किंवा पाहणीला जात नव्हता. तो एका कृष्णवर्णीय पाळकाच्या हाताखाली जात होता. काय करायचं, कुठे बसायचं, कधी गप्प राहायचं हे तो पाळक ठरवणार. १९६० च्या दक्षिणेत गोऱ्या माणसानं काळ्या माणसाचा शब्द प्रमाण मानायचा, ही गोष्ट कायद्यात लिहिलेली नसली तरी अशक्य कोटीतलीच होती. ती या पोरांनी तीन महिन्यांसाठी का होईना, रोजच्या व्यवहारात आणली.

चर्चच का निवडलं, याचं उत्तर त्या काळच्या रविवारात आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे ऐन उपासनेच्या वेळी, अमेरिका सर्वांत जास्त विभागलेली असते, असं मार्टिन ल्यूथर किंग वारंवार सांगत. १९६० च्या ऑगस्टमध्ये अटलांटातले कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांच्या चर्चमध्ये उपासनेला गेले, तर काही चर्चनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. बसस्थानकं, शाळा यांच्या विरुद्ध न्यायालयात जाता येत होतं. देवाच्या घराचं दार बंद असेल तर ते आतल्या माणसांनीच उघडायला हवं होतं.

१९६१ च्या उन्हाळ्यात गर्डन ब्रूस्टर हा युनियनचा विद्यार्थी अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये रुजू झाला. तो काळ डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यातच अलाबामात, बसप्रवासातल्या वर्णभेदाला आव्हान देणाऱ्या फ्रीडम रायडर्सची बस जाळली गेली होती. आणि हा उत्तरेतला गोरा मुलगा राहायला होता थोरल्या किंगसाहेबांच्या घरी. मार्टिन ल्यूथर किंग सीनियर, मंडळीत आणि शहरात ‘डॅडी किंग’. वाट्यानं शेती कसणाऱ्या बापाचा हा मुलगा १९३१ पासून एबेनेझरचा पाळक होता. एका पोलिसानं गाडी अडवून त्यांना ‘पोरा’ म्हणून हाक मारली, तेव्हा शेजारी बसलेल्या छोट्या मार्टिनकडे बोट दाखवून, पोरगा हा आहे, मी पुरुष आहे, असं सुनावणारा हा माणूस. धाकटे किंग तेव्हा त्याच चर्चमध्ये वडिलांचे सहपाळक होते आणि बहुतेक वेळ दौऱ्यावर असत. घरात डॅडी किंग आणि अल्बर्टा किंग. अल्बर्टाबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १९७४ मध्ये त्याच ऑर्गनवर बसलेल्या असताना एका माथेफिरूनं त्यांना गोळ्या घातल्या.

ज्या कुटुंबाच्या टेबलावर ब्रूस्टर रोज जेवत होता, त्या कुटुंबासोबत शहरातल्या बहुतेक उपाहारगृहांत त्याला एकत्र बसता येत नव्हतं. अटलांटाच्या मध्यवर्ती दुकानांतल्या उपाहारगृहांपुरते ते निर्बंध उठायलाही सप्टेंबर उजाडला, तोवर त्याचा उन्हाळा सरला होता. ब्रूस्टर पुढे एपिस्कोपल धर्मगुरू झाला, कॉर्नेल विद्यापीठात वर्षानुवर्षं त्यानं विद्यार्थ्यांमध्ये काम केलं आणि २००७ मध्ये त्या उन्हाळ्यावर पुस्तक लिहिलं. एका सुट्टीबद्दल माणसाला पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी पुस्तक लिहावंसं वाटतं, यातच त्या सुट्टीचं वजन कळतं.

योजनेची दुसरी बाजू मात्र लंगडी राहिली. कृष्णवर्णीय मंडळ्या गोऱ्या मुलांना घरात घेत होत्या, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला उपदेशासाठी व्यासपीठ देणारी गोरी मंडळी दक्षिणेत शोधून सापडेना. ओळख वाढली की द्वेष सरेल, हा या मुलांचा सुरुवातीचा भरवसा होता. तो मनापासूनचा होता आणि अपुरा होता. ज्याची जमीन नाही, ज्याचं मत नाही, ज्याचं कर्ज गोऱ्या सावकाराच्या वहीत आहे, त्याला गोऱ्या पोराच्या मैत्रीनं किती पुरणार?

हा प्रश्न ज्यानं कृतीतून सोडवायला घेतला तो चार्ल्स शेरॉड. व्हर्जिनियाचा, धर्मशास्त्र शिकलेला, स्निकचा पहिला क्षेत्र-सचिव. १९६१ मध्ये तो नैऋत्य जॉर्जियातल्या ऑल्बनी गावी आला. आजूबाजूचे परगणे असे, की कार्यकर्त्यांमध्ये त्यांची नावंच ‘टेरिबल टेरेल’, ‘बॅड बेकर’ अशी पडली होती. लोकसंख्येत कृष्णवर्णीय बहुसंख्य, मतदारयादीत मूठभर. १९६२ च्या जुलैत टेरेल परगण्यातल्या माउंट ऑलिव्ह या लहानशा लाकडी चर्चमध्ये मतदार नोंदणीची सभा भरली होती. शेरॉड प्रार्थना चालवत होता. शेरिफ आपल्या माणसांसह आत शिरला, लोकांची नावं विचारू लागला. बाहेर अंधारात त्याची माणसं गाड्यांचे क्रमांक मोठ्यानं वाचत होती, आतल्यांना ऐकू जावं म्हणून. लोक गाऊ लागले. न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार क्लॉड सिटन तिथे हजर होता, म्हणून हे देशाला कळलं. सप्टेंबरात ते चर्च जाळून टाकण्यात आलं.

शेरॉड साठच्या दशकाच्या मध्यावर युनियन सेमिनरीत पुढचं शिक्षण घ्यायला आला आणि त्यानं तिथली मुलं नैऋत्य जॉर्जियात न्यायला सुरुवात केली. मिनिस्ट्रीच्या उन्हाळी कामाचं रूप इथे पालटलं. व्यासपीठावरून मुलं शेतरस्त्यांवर आली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या घरी राहायचं, घरोघर फिरून मतदार नोंदवायचे, जे यजमान खातील ते खायचं. बेकर परगण्यात १९६५ मध्ये होसी मिलर या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला एका गोऱ्या शेतकऱ्यानं गोळी घातली, सगळ्या गोऱ्यांच्याच ज्यूरीनं खटलाही उभा राहू दिला नाही. त्याची थोरली मुलगी शर्ली पुढे शेरॉडची पत्नी झाली. धोका पाहुण्यांनाही होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या अलाबामात जोनाथन डॅनियल्स हा मॅसॅच्युसेट्समधल्या सेमिनरीचा विद्यार्थी, दुसऱ्या एका चर्च संघटनेतर्फे गेलेला, सतरा वर्षांच्या रूबी सेल्स या कृष्णवर्णीय मुलीवर रोखलेली बंदूक पाहून तिच्या पुढे झाला आणि मारला गेला. मारेकरी निर्दोष सुटला.

१९६६ मध्ये स्निकनं गोऱ्या कार्यकर्त्यांना बाहेर ठेवायचा निर्णय घेतला. त्यामागची चीड मला समजते. गोऱ्यांनी आधी आपल्या लोकांत जाऊन काम करावं, हे म्हणणं खोटं नव्हतं. शेरॉडला मात्र ते पटलं नाही, तो स्निकमधून बाहेर पडला आणि सेमिनरीच्या मुलांना बरोबर घेऊन त्यानं ऑल्बनीत आपलं काम चालू ठेवलं. इकडे मिनिस्ट्रीचे उपक्रम ऑकलंडच्या गरीब वस्त्यांपर्यंत पसरले होते, आणि विद्यार्थी आता आपल्याच चर्च संस्थांना जाब विचारू लागले होते. दशक संपता संपता संघटना विसर्जित झाली.

पण शेरॉडच्या कामाचा पुढचा टप्पा मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावा. मतदार म्हणून नाव नोंदवलं की जमीनमालक कुळाला घराबाहेर काढतो, हे त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. म्हणून जमीनच सामाईक मालकीची हवी. रॉबर्ट स्वॉन या त्याच्या सहकाऱ्यानं यासाठी जे आधार शोधले त्यांत विनोबांचं ग्रामदान होतं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या, पवनारला राहिलेल्या माणसाचा विचार जॉर्जियातल्या शेंगदाण्याच्या शेतांपर्यंत पोचला. १९६८ मध्ये शेरॉड, स्वॉन आणि सहकारी इस्रायलमधल्या सहकारी शेतवस्त्या पाहून आले आणि १९६९ मध्ये न्यू कम्युनिटीज ही संस्था स्थापन झाली. सुमारे ५,७०० एकर जमीन, त्या वेळी देशातला कृष्णवर्णीयांच्या मालकीचा सर्वांत मोठा सलग तुकडा. अमेरिकेतल्या सामुदायिक भूमी न्यासांची सुरुवात इथून धरतात.

पुढे दुष्काळ पडला, शेती खात्याच्या यंत्रणेनं कृष्णवर्णीयांना तातडीचं कर्ज देताना भेदभाव केला आणि १९८५ मध्ये ती सारी जमीन गेली. शेरॉड दांपत्य गाव सोडून गेलं नाही. उन्हाळी पाहुणे सप्टेंबरात परतत, पण गावातल्यांना तिथेच राहायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार्ल्स १९७६ पासून १९९० पर्यंत ऑल्बनीच्या नगर आयोगावर निवडून येत राहिला. भेदभावाच्या दाव्यात २००९ मध्ये न्यू कम्युनिटीजला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. त्या पैशांतून २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळची १,६३८ एकरांची जागा घेतली. पूर्वी ती गुलामांकडून कसून घेतलेली मळ्याची जमीन होती. आता तिचं नाव रिसोरा. चार्ल्स शेरॉड ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ऑल्बनीतच वारला. रिसोराची जमीन आजही न्यू कम्युनिटीजच्याच नावावर आहे.