मे महिन्यात पुण्यातच अडकलात? मग चला!

मे महिन्यात ऑफिसला जाणं हा एक वेगळाच छळवाद असतो. अर्धी टीम रजेवर. एकीचे मनालीचे फोटो येतायत, दुसरा तारकर्लीला शहाळं पीत बसलाय, आणि तुम्ही हिंजवडीत एसीचा गारठा सहन करत एक्सेल शीट भरताय. मी फ्रीलान्सर. म्हणजे माझा बॉस मीच, आणि हा बॉस सगळ्यात खडूस! गेल्या मे महिन्यात त्याने माझीही रजा नामंजूर केली.

मग वीकएंडला करायचं काय? मॉल. शनिवारी मॉल, रविवारीही मॉल. शॉपिंगसाठी नाही हो, फुकटच्या एसीसाठी. 'उन्हाळ्यात पुण्यात काही नसतंच यार,' असं माझी रूममेट म्हणाली आणि मीही मान डोलावली. आपलं कल्चरल कॅलेंडर आपल्याला पाठ असतं ना! डिसेंबरात सवाई, जानेवारीत पिफ, पावसाळ्यात पुरुषोत्तम, मग गणपती. मे महिन्याचं पान कोरं.

ते पान कोरं नाही, हे मला साताऱ्याहून फोनवर कळलं. बाबा म्हणाले, ''अगं, वसंत चालू झालं असेल ना? यंदा कोण कोण आहे?''

मला वाटलं, वसंत नावाचा कुणी मित्र असेल.

वसंतला चाललोय

वसंत म्हणजे वसंत व्याख्यानमाला. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ती सुरू केली. म्हणजे आता दीडशे वर्षं होऊन गेली! दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे, रोज संध्याकाळी एक व्याख्यान. अर्थकारण, इतिहास, साहित्य, विज्ञान, पाणी, कायदा... विषयाला बंधन नाही. वक्तृत्वोत्तेजक सभा ही संस्था ती चालवते. (हे नाव एका दमात म्हणून दाखवा, माझ्याकडून कॉफी.) शाळा-कॉलेजं आणि कोर्टं, दोन्हींना मे महिन्यात सुट्टी असते. त्यामुळे न्यायमूर्तींनी हाच मोसम का निवडला असेल, याचा मी आपला अंदाज बांधला.

बाबा कॉलेजला पुण्यात होस्टेलवर होते. खिशात पैसे नसायचे, परीक्षा संपलेल्या असायच्या, मेस बंद. मग संध्याकाळी टिळक स्मारक. ''आमचं एंटरटेनमेंट तेच,'' म्हणाले. त्यांना तसंही डोळे दाखवायला पुण्यात यायचं होतं. मी म्हटलं, या शनिवारी. वसंतला जाऊ.

आता खरं सांगू? मला अर्ध्या तासात झोप येणार याची खात्री होती. कॉलेजमध्ये कम्युनिकेशन थिअरीच्या लेक्चरला मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलेय. शिवाय बाबांना हल्ली ऐकू कमी येतं. मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा खिशात असतं. म्हणजे ज्याला ऐकायचंय त्याला ऐकू येत नाही आणि जिला ऐकू येतं तिला ऐकायचं नाही, अशी आमची जोडी.

स्वारगेटला एसटीतून उतरले आणि रिक्षा नको म्हणाले. टिळक रोडने चालतच गेलो. टिळक स्मारक मंदिरात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे, सभागृहात माझ्या वयाची माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळीकडे पांढरे केस, कापडी पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या. बाबांनी सराईतपणे तिसरी रांग गाठली, खिशातून मशीन काढून कानाला लावलं आणि ताठ बसले.

विषय होता पुण्याचं पाणी. वक्ते निवृत्त इंजिनिअर. स्लाइड नाही, लॅपटॉप नाही, हातात फक्त एक चिठ्ठी. पुण्याला पाणी देणारी चार धरणं सांगितली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. रोज शॉवर घेते, पण चारपैकी दोनच नावं मला येत होती. मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तो दिवस. पानशेतचं पाणी खाली आलं, त्याने खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठचं पुणं बुडालं. मागच्या रांगेतल्या एक आजी हळूच शेजारणीला म्हणाल्या, ''आमच्या घरात पत्र्यापर्यंत चिखल होता.'' मी मागे वळून बघितलं. त्यांनी मलाच हाताने खूण केली, कमरेच्या वर, खांद्याच्या वर, आणखी वर.

झोप? कुठली झोप!

मध्येच बाबांनी विचारलं, ''काय म्हणाले?'' मशीन कुरकुरत होतं. मी त्यांच्या कानाशी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा, ''काय म्हणाले?'' तिसऱ्या वेळेपासून मी लक्षपूर्वकच ऐकायला लागले, कारण वाक्य संपलं की मला ते पुढे पोचवायचं होतं. फोन पर्समध्ये होता. तासाभरात मी तो एकदाही काढला नाही, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं. शेवटचं असं कधी झालं होतं, आठवत नाही.

अडकित्त्यांमागचा बाप

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत राजा दिनकर केळकर संग्रहालय. शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळ. शाळेच्या सहलीत तुम्ही बघितलं असेल आणि फक्त डबा खाल्लेला आठवत असेल. पुन्हा जा. दिवे, कुलुपं, वाद्यं, दौती, पाय घासायच्या नक्षीदार वज्री आणि अडकित्ते! अडकित्ता किती प्रकारचा असू शकतो? घोडा, मोर, माणसाचं जोडपं... सुपारी कातरायच्या एवढ्याशा वस्तूवर कुणीतरी इतका जीव ओतलाय की आपल्या कॉर्पोरेट गिफ्टच्या पेन स्टँडची लाज वाटावी. वीस हजारांच्या वर वस्तूंचा हा संग्रह, आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो. कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे.

हे सगळं एका माणसाने जमवलं. दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून वस्तू आणायचे. आणि नावातला 'राजा' म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे, तो त्यांचा लहानपणीच गेलेला एकुलता एक मुलगा. शाळेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी डबा खात होते. बाबांना माहीत होतं. ते वज्रींच्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

साडेबाराचा प्रयोग

मराठी नाटकाच्या रविवारच्या तीन वेळा ठरलेल्या. दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. मे महिन्यात साडेबाराचा प्रयोग म्हणजे वरदान, कारण बाहेर चाळीस डिग्री असताना तुम्ही आत अंधारात हसत असता. बालनाट्यांचाही हाच सीझन, भाचे कंपनी असेल तर सोने पे सुहागा. जरा वेगळं, प्रायोगिक काही हवं तर शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर काय चाललंय ते बघा.

आम्ही बालगंधर्वला गेलो. हॉलमध्ये शिरायची घाई करू नका. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं बघा. एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. दोन्हींत माणूस तोच आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. हे रंगमंदिर २६ जून १९६८ ला सुरू झालं, आणि बालगंधर्व १९६७ च्या जुलैत गेले. म्हणजे भूमिपूजन त्यांच्या हस्ते झालं, पण पहिली घंटा त्यांना ऐकायला मिळाली नाही. ही वास्तू पाडून नवी बांधायची की आहे तीच ठेवायची, यावर पुण्यात गेली काही वर्षं वाद झडतोय. तेव्हा बघायची असेल तर 'नंतर कधीतरी'वर टाकू नका.

नाटक ठीकठाक होतं. दुसरा अंक लांबला. मध्यंतरातला बटाटावडा मात्र फर्स्ट क्लास! विनोद बाबांना निम्मे ऐकू आले, पण हॉल हसला की तेही हसत होते.

संध्याकाळी सदाशिव पेठेत आंबा मस्तानी. एकात दोघं, कारण बाबांची शुगर. अर्थात तीन चतुर्थांश त्यांनीच संपवली.

व्याख्यानं, नाटकं, प्रदर्शनं कुठे आहेत हे कसं कळणार, असं विचारणाऱ्यांसाठी... पेपरातलं 'आजचे कार्यक्रम' हे सदर आठवतंय? जे आपण कधीच वाचत नाही? तेच. मी ते आता शनिवारी सकाळी फोनवर वाचून दाखवते, मोठ्याने, दोनदा. परवा पलीकडून आवाज आला, ''थांब थांब, मशीन लावतो. हं. सोमवारी कोण आहे म्हणालीस?''