कायमचा मान कुणाला? रॉक अँड रोलच्या चाहत्यांची गोष्ट

रिअॅलिटी शोमधला आवडता गायक जिंकावा म्हणून घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून मतं दिली आहेत कधी? मग ही गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. फक्त इथे एका सीझनचा विजेता ठरत नाही, तर कुणाचं नाव कायमचं लक्षात ठेवायचं, हे ठरतं.

अमेरिकेतल्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा मान या संगीतात फार मोठा समजला जातो. पहिली रेकॉर्ड येऊन २५ वर्षं झाली की कलाकार त्यासाठी पात्र ठरतो. १९८६ मध्ये निवडलेल्या पहिल्या गायक-वादकांमध्ये एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड असे दिग्गज होते. पण त्या यादीत एकही स्त्री नव्हती!

चाहत्यांची ताकद

या संस्थेचं संग्रहालय आपल्याच शहरात व्हावं म्हणून क्लीव्हलँडच्या लोकांनी सहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. १९९५ मध्ये ते तिथेच उघडलं.

कलाकार निवडण्यात मात्र चाहत्यांचा वाटा छोटा आहे. ऑनलाइन मतदान होतं, पण त्यात पुढे असलेल्या कलाकारांची मिळून एकच मतपत्रिका धरली जाते. खरा निर्णय हजारावर संगीतकार, अभ्यासक आणि या क्षेत्रातले जाणकार घेतात. २०२० मध्ये डेव्ह मॅथ्यूज बँडला चाहत्यांची दहा लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी निवड झाली नाही. ती झाली २०२४ मध्ये.

तुम्ही म्हणाल, हा तर अन्याय! पण दुसरी बाजूही बघा. १९४०-५० च्या दशकातल्या कलाकारांना ऐकत मोठे झालेले बरेच जण आज हयात नाहीत. नुसती मतं मोजली, तर ज्यांनी पाया घातला तेच मागे पडतील.

रोझेटाला झालेला उशीर

सिस्टर रोझेटा थार्प हे नाव ऐकलंय? चर्चमधली भक्तिगीतं ती इलेक्ट्रिक गिटारवर दणक्यात वाजवायची. १९४७ मध्ये तिने एका १४ वर्षांच्या मुलाला आपल्या कार्यक्रमात गायला बोलावलं. तोच पुढे लिटल रिचर्ड झाला.

याच लिटल रिचर्डची गाणी नंतर आपल्या पाचगणीतही वाजली. तिथल्या शाळेत शिकणारा फारूख बलसारा मित्रांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये ती वाजवायचा. हा फारूख म्हणजेच क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी.

आता वर्षं बघा. लिटल रिचर्डला मान मिळाला १९८६ मध्ये, क्वीनला २००१ मध्ये आणि रोझेटाला थेट २०१८ मध्ये. तिला जाऊन तोवर जवळपास ४५ वर्षं झाली होती. ‘हाउंड डॉग’ हे गाणं एल्व्हिसच्या आधी गाणाऱ्या बिग मामा थॉर्नटनला तर २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

पण रोझेटाचे चाहते या निवडीची वाट बघत बसले नाहीत. फिलाडेल्फियात तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये त्यासाठी संगीताचा कार्यक्रम झाला, पैसे जमले आणि दगड बसला. हॉल ऑफ फेमच्या दहा वर्षं आधी!

तुम्ही काय करू शकता?

मत जरूर द्या. पण मतदान चार दिवसांचं असतं. एखादं गाणं आवडलं की ते आधी कुणी गायलं होतं, हे शोधा. जुनं रेकॉर्डिंग सापडलं तर फॅमिली ग्रुपवर पाठवा, सोबत गाणाऱ्याचं नावही लिहा. आणि आज रात्री जेवण झाल्यावर आजी-आजोबांना विचारा, ‘तुमच्या वेळचा असा कोणता गायक आहे, ज्याला आम्ही विसरलो?’