सोलापुरात सावली पायाखाली येते तेव्हा

सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दरवर्षी 10-11 मेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 22 मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा गच्चीवर स्टीलचा सरळ उभट डबा ठेवा. त्याची सावली आक्रसत जाऊन दिसेनाशी होईल. घड्याळात 12 वाजता असे होत नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि सोलापूर त्याच्या बरेच पश्चिमेला.

खरी मजा पुढे आहे. या दिवसानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते! मुलांना हे आधी सांगू नका. खडूने रेघा मारून त्यांनाच शोधू द्या. पुण्यातल्या मावसभावाला फोन करायला लावा, त्याच्याकडे हा दिवस साधारण तीन दिवस उशिरा येतो. दिल्लीत मात्र कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

21 मार्चच्या सुमारास एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. ती सुमारे 32 सेंटिमीटर भरेल. ही मापे घेऊन कागदावर त्रिकोण काढला, की काठीच्या टोकाशी होणारा कोन म्हणजेच सोलापूरचा अक्षांश.

मेमधले सोलापूरचे ऊन कडक. टोपी घाला, पाणी प्या, दहा मिनिटांत सावलीत या. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, गॉगल लावूनही नाही. या प्रयोगात नजर जमिनीवरच हवी.