उघड्या न्हाणीतली गरम आंघोळ



भोगीला पहाटे डोक्यावरून न्हायची आपली रीत. घरामागे तीन दगडांची चूल, वर काळं पडलेलं पातेलं, आणि चार बांबूंना जुनी साडी बांधून केलेली न्हाणी. कढत पाणी अंगावर घेईपर्यंत बरं वाटतं. तांब्या खाली ठेवला, वाऱ्याची एक झुळूक आली, की दातांवर दात वाजायला लागतात. मग आपण म्हणतो, पाणी जरा निवलंच होतं, उद्या अजून तापवू. दोन लाकडं जास्त जातात आणि थंडी तेवढीच वाजते.

कारण ही थंडी पाण्याने वाजत नाही. उन्हाळ्यातला माठ आठवा. माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा वाऱ्यावर सुकतो आणि सुकता सुकता आतली उष्णता घेऊन जातो. म्हणून तर आपण माठाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या जागी ठेवतो. न्हाऊन उठलेलं ओलं अंग म्हणजे वाऱ्यात ठेवलेला माठच. त्यात सोलापूरचा हिवाळा कोरडा. दुपारी पारा तीसच्या आसपास जातो, त्यामुळे 'आपल्याकडे कुठली आलीय थंडी' असं बोलायची सवय आहे; पण पहाटे तोच पारा पंधराच्या घरात, कधी त्याच्याही खाली येतो. कोरड्या वाऱ्यात पाणी भराभर सुकतं, आणि ऊबही तितकीच भराभर जाते. पाणी फार कढत घेतलं तर उलटंच होतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग लाल होतं, म्हणजे आतली ऊब कातडीपर्यंत येऊन थांबते. वाऱ्याला ती आयतीच मिळते.

बायकांचं आणखी एक आहे. पुरुष पाटावर बसून उघड्या अंगाने न्हातो, टॉवेल फिरवतो आणि मोकळा होतो. आपण आडोसा पुरता नाही म्हणून अंगावर कपडा ठेवून न्हातो, मग तोच ओला कपडा सावरत घरात जातो आणि बदलतो. तेवढा वेळ तो माठावरचं ओलं फडकं होतो. शौचालयाला सरकारचे १२,००० रुपये मिळाले, बऱ्याच घरी ते बांधूनही झालं. न्हाणीचं मात्र राहून गेलं. आंघोळ काय, कुठेही होते, असं घरात कुणीतरी म्हणतंच. म्हणणारा बहुधा दिवसाउजेडी, उन्हात न्हाणारा असतो!

तर आधी वारा अडवायचा. पदराचं टोक सैल सोडून बघा, वारा कुठून येतो ते कळेल. त्या बाजूला साडी चालत नाही, साडीतून वारा आरपार जातो. पत्रा, तुराट्यांचा कूड, खताच्या गोण्या शिवून केलेला पडदा, जे असेल ते लावा. बसल्यावर डोकं झाकेल एवढी उंची पुरे. टॉवेल आणि कोरडे कपडे हाताला येतील असे आधीच टांगून ठेवा. आपलं सोलापूर टर्किश टॉवेलसाठी देशभर प्रसिद्ध आहे, पण घरात पुसायला मात्र विरलेलं धोतर असतं. टॉवेलवरचे ते बारीक फासे पाणी शोषायलाच असतात. चांगला एक टॉवेल अंग पुसण्यासाठी राखून ठेवा. केस सगळ्यांत शेवटी धुवा आणि लगेच बांधून घ्या. जमत असेल तर डोक्यावरून न्हाणं ऊन वर आल्यावर करा, भोगी काही पळून जात नाही.

आता लेकराबद्दल. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी पाचव्या दिवशी बाळाला अंगणात न्हाऊ घातलं. पायांवर पालथं घेऊन तेल, मग पाणी, मग धुरी, सगळं रीतीप्रमाणे. बाळ आधी रडलं, मग गप्प झालं. घरचे म्हणाले, छान झोप लागली. सातव्या दिवसाच्या भेटीला यायची आशाताई नेमकी त्याच दिवशी दारावरून चालली होती, म्हणून आत डोकावली. तिने बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हात लावला, दोन्ही गार. तिने बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून दोघांना चादरीत गुंडाळलं आणि तसंच आरोग्य केंद्रात नेलं. बाळ वाचलं. ती आली नसती तर घरात सगळे बाळ झोपलंय म्हणूनच बसले असते.

तान्ह्या बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही, अंगावर चरबीही कमीच असते. गार पडलेलं बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही. म्हणून जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ घालायची नाही. २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत आंघोळ नको, नुसतं पुसून घ्या. न्हाऊ घालायचं ते घरात, दुपारी, पटकन. पाणी कोपराने बघा, हाताच्या पंजाला चुलीची सवय झालेली असते. रोज उलट्या हाताने पोट आणि तळपाय चाचपा. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर छातीशी धरा. दोन्ही गार असतील तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

म्हाताऱ्या माणसांना कढत पाण्यानंतर झटकन उठलं की चक्कर येते, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्तच. त्यांना बसूनच पुसू द्या. साखरेचा आजार असणाऱ्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांचं पाणी दुसऱ्याने बघावं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम.

हे सगळं ऐकून कुणी न्हाणीघर गच्च बंद करून घेईल, म्हणून सांगते. वारा अडवायचा, पण हवा अडवायची नाही. बाळंतिणीच्या खोलीत दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी ठेवतात, किंवा कोंदट न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवतात. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस तिथेच राहतं. गिझर बाहेरच्या भिंतीला लावून पाइप आत घ्या. शेगडी पेटती असेल तर खिडकी उघडी हवी, आणि रात्री झोपताना शेगडी बाहेर. बादलीत सोडायच्या रॉडचं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. लोखंडी बादलीत तर रॉड नकोच.

आमच्या गटात गेल्या वर्षी चौघींनी न्हाणीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत हसू झालं. शेळीला कर्ज, शिलाई यंत्राला कर्ज, न्हाणीला कसलं? आता पत्र्याच्या त्या चार न्हाण्या उभ्या आहेत, आणि या महिन्याच्या बैठकीत आणखी सहा अर्ज आलेत.