बुडालेली होडी वर कशी काढतात?

मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. पर्यटकांना समुद्रावर फिरवून आणणाऱ्या यांत्रिक होड्याही या किनाऱ्यावर दिसतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अशा वादळात नांगरून ठेवलेली होडीसुद्धा पाण्याने भरून तळाशी जाऊ शकते. मग ती वर काढायची कशी? आणि तो खर्च सोसायचा कोणी?

समजा, फायबरची एक होडी बुडाली. तिच्या सांगाड्याचे वजन ८०० किलोग्रॅम व लोखंडी एंजिनाचे २०० किलोग्रॅम आहे. म्हणजे १,००० किलोग्रॅम उचलावे लागतील काय? नाही. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. फायबरची घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट असते. त्यामुळे सांगाडा अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे ५१२ किलोग्रॅम समुद्राचे पाणी बाजूस सारतो. एंजिन मात्र जेमतेम २६ किलोग्रॅम पाणी सारते. वजाबाकी केली, की उरतात ४६२ किलोग्रॅम. तेवढा भार पेलण्यास सुमारे ४५० लिटर हवा पुरते! होडी चिखलात रुतली असेल, तर ती पकड सोडविण्यास आणखी जोर लागतो.

पाणबुडे रबरी कापडाच्या रिकाम्या पिशव्या होडीला बांधतात व नळीने त्यांत हवा भरतात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. म्हणून बॉईलच्या नियमानुसार पिशवी वर येताना आतील हवा दुपटीने फुगते. पिशवीचे तोंड खालून उघडे ठेवले, की जादा हवा निघून जाते व पिशवी फाटत नाही.

उथळ पाण्यात भरतीही मदतीला येते. ओहोटीच्या वेळी बुडालेली होडी दोन तरंगत्या होड्यांना ताणून बांधली, तर भरतीचे पाणी तिन्हींना वर उचलते. मग ती किनाऱ्याकडे ओढून नेता येते.

खरी कसोटी पुढेच आहे. विहिरीतील भरलेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली, की हात भरून येतात. होडीचेही तसेच. तिच्यात ४ घनमीटर पाणी असेल, तर पाण्याबाहेर त्याचे ४ टनांहून अधिक ओझे सांगाड्यावर पडते व तो मोडू शकतो. म्हणून होडीचे काठ पाण्यावर येताच थांबून आधी पंपाने पाणी उपसतात. एंजिनही लगेच गोड्या पाण्याने धुवावे लागते, कारण मिठाने माखलेले लोखंड हवेत भराभर गंजते.

आता खर्चाचा प्रश्न. अनेकांनी थोडे थोडे पैसे भरून एकाचे मोठे नुकसान भरून काढावयाचे, हे विम्याचे तत्त्व. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार नुकसान कमी करण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. करारात तशी तरतूद असेल, तर त्यासाठी केलेला योग्य खर्च विमा कंपनी देते. समजा, होडीची विम्याची किंमत ६ लाख रुपये आहे, पण ती काढून दुरुस्त करण्यास ७ लाख लागतील. अशा वेळी होडी पूर्ण गमावली असे मानून भरपाई मागता येते.

पण तळाशी पडलेल्या सांगाड्याचे काय? त्यावर दुसरी होडी आपटू शकते, जाळी फाटतात, डिझेल गळते. १४ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या नैरोबी करारानुसार अवशेष हटविण्याच्या खर्चासाठी विमा सक्तीचा आहे. परंतु ही सक्ती ३०० टन व त्याहून मोठ्या जहाजांनाच आहे. लहान होडीच्या मालकाने ही जोखीम आपल्या विम्यात आहे की नाही, हे होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच वाचून पाहिले पाहिजे. वादळानंतर वाचून काय उपयोग?